सातच्या आत, कायद्यानेसुद्धा

मंडळी, ‘सातच्या आत घरात’ हा नियम किती जणींच्या घरी होता, ते विचारत नाही. तुमचं हसणंच सांगतंय. पण हा नियम फक्त आईचा नव्हता, सरकारचाही होता. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 66 व्या कलमानुसार सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात काम करता येत नसे. राज्यांना वेळ थोडी मागेपुढे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच बंदी पक्कीच. गंमत म्हणजे रुग्णालयातली परिचारिका रात्रभर जागायची आणि तिला हे कलम लागू नव्हतं!

2000 साली मद्रास उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायदा बदलला आणि रात्रपाळी करणाऱ्या बायकांच्या सुरक्षिततेची, ने-आणीची जबाबदारी मालकावर टाकली. माझ्या मते हीच दिशा योग्य. धोका वाटेवर असेल, तर बंदोबस्त वाटेचा करायचा. बाईला घरी बसवायचं नाही.

अर्थात नुसती गाडी पाठवून भागत नाही. 2007 मध्ये पुण्यात कॉल सेंटरच्या रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा खून झाला तो कंपनीने लावलेल्या गाडीच्या चालकाकडून आणि त्याच्या साथीदाराकडून. म्हणून चालकाची पडताळणी हवी, आणि शेवटी उतरणारी एकटी बाई असेल तर सोबत रक्षक हवा.

2023-24 च्या सरकारी पाहणीत शहरांतल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी 28 जणीच काम करत होत्या किंवा शोधत होत्या. घरकाम, मुलं, कमी पगार ही कारणं आहेतच. पण ‘लांब आहे, उशीर होईल’ म्हणून जी अर्जच करत नाही, तिच्या भीतीची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात होणार?

वाटेवर उपाय झालेही. मुंबईत 1992 साली चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. गाडीतला प्रवास सुसह्य झाला. स्टेशनपासून घरापर्यंतचा अंधारा रस्ता मात्र महापालिकेच्या हातात राहिला.

तुमच्या भाच्या-पुतण्या आज पुण्यात, नाशकात रात्रपाळी करतात. त्यांचा फोन आला की ‘दुसरी नोकरी नाही का गं मिळत?’ असं विचारू नका. ‘गाडी दारापर्यंत येते का, आणि येत नसेल तर तक्रार कुणाकडे केलीस?’ एवढं विचारा. आणि तुमच्यापैकी जे भारतातल्या कचेऱ्यांच्या पाळ्या इथे परदेशात बसून ठरवतात, त्यांनी हाच प्रश्न उद्या आपल्या कंपनीला विचारावा.