हातचे काम काढून घेऊ नका



'साठी बुद्धी नाठी' असे आपण हसत म्हणतो. पण घरातील आजी चहा पिऊन लगेच पुन्हा चहा मागते, रोजच्या वाटेवर चुकते, पोटच्या मुलाला "तू कोणाचा रे?" असे विचारते, तेव्हा ते नुसते म्हातारपण नसते. तो मेंदूचा विकार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना तो आहे. आपले मांडवगण त्याला अपवाद नाही.

प्रथम डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडच्या विकाराने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो. डिमेन्शिया मात्र बहुधा बरा होत नाही. मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते.

माझ्या आजीचे सांगतो. तिच्या हातून भाकरी जळाली म्हणून आम्ही तिला चुलीपुढून उठवले. मग भाजी निवडणे काढून घेतले. वेणीही आम्हीच घालू लागलो. हे सारे मायेपोटीच केले. पण आजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसू लागली. एके दिवशी आईने परात तिच्यापुढे ठेवली आणि तिचे हात आपोआप पीठ मळू लागले. नातवाचे नाव न आठवणारी आजी विहारात पंचशील मात्र न अडखळता म्हणे. कालची गोष्ट आधी पुसली जाते. जन्मभराची सवय पुष्कळ उशिरा जाते. त्या सवयीला धरूनच माणसाला उभे ठेवता येते.

म्हणून काम काढून घेऊ नका, सोपे करून द्या. कपडे घालायच्या क्रमाने ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. "कोणती साडी नेसतेस?" असे न विचारता दोन साड्या पुढे धरा. तांब्या, चष्मा, काठी यांची जागा बदलू नका. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा. गॅस मात्र कोणी जवळ असतानाच पेटवू द्या. "ओळखलंस का मला?" अशी परीक्षा घेऊ नका; "आजी, मी तुझी नात," असे आपणच सांगा.

फिरणे बंद करू नका, सोबत जा. आपल्याकडे उसाच्या फडात शिरलेला माणूस दहा हातांवरून दिसत नाही. विहिरी आहेत, बिबट्याचे भय आहे. खिशात नाव व फोन नंबर लिहून ठेवा. शेजारी, दुकानदार, रिक्षावाले यांना आजार सांगून ठेवा. यात लाज कसली? २०१३ सालच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात स्मृती हरवलेले प्राध्यापक हत्तीच्या मागे निघून जातात, तेव्हा माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. गावाने तिच्यासारखे व्हावे.

हा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर पडतो. मुलांनी, नातवंडांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. मन थकले तर टेलिमानसच्या १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, एक दिवस आजीचे हात पीठ मळणेही विसरतील. तो दिवस आपल्या घाईने अलीकडे आणू नका. जय भीम.