१ ऑक्टोबर : रक्तदानाच्या राष्ट्रीय दिवसाचे नियोजन आणि प्रसार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित स्वयंसेवक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मानवसेवेचा एक भरीव उपक्रम हाती घ्यावा, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आणि त्यासाठी १ ऑक्टोबर हा दिवस मुक्रर केला. या दिवसाचे नियोजन व प्रसार कसा करावा, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि उभे आयुष्य कापडाच्या गादीवर बसलो आहे. मालाची आवक, साठा आणि मागणी यांचा मेळ कसा घालावा, एवढेच व्यापाऱ्याला समजते. परंतु रक्तदानाच्या कार्यात आपण सारे नेमके तेथेच कमी पडतो, असे माझे नम्र निरीक्षण आहे. म्हणून हे धाडस.

१९७५ सालापासून १ ऑक्टोबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. भारतातील रक्तसंक्रमण शास्त्राचे एक अध्वर्यू डॉ. जे. जी. जॉली यांचा हा जन्मदिवस. (रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांच्या जन्मदिनी, म्हणजे १४ जूनला, जगभर रक्तदाता दिन साजरा होतो, तो २००४ पासूनचा. आपला राष्ट्रीय दिवस त्याहून बराच जुना आहे.) १९७५ साली अशा दिवसाची निकड का भासली, हे तरुण मंडळींनी समजून घेतले पाहिजे. त्या काळी अनेक शहरांतून पैसे घेऊन रक्त देणारे लोक असत. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार सांगत नाही, कारण सांगितला तर त्याचे पैसे बुडतात. त्याच्या लपविलेल्या आजाराची किंमत अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला चुकवावी लागे.

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन कराव्यात आणि दोन वर्षांच्या आत व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत बंद करावी, असा तो आदेश होता. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताचा बाजार कायद्याने बंद झाला. २००२ साली राष्ट्रीय रक्त धोरणही आले. विकणारा गेला, हे फार चांगले झाले. पण बंधुहो, विकणारा गेल्यावर मागे उरला तो केवळ देणारा. रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. देणाऱ्याने हात पुढे केला नाही, तर पैशांची थैली घेऊन दारोदार फिरले तरी ते मिळणार नाही.

आता साठ्याचा विचार करू. आमच्या धंद्यात दिवाळीला उरलेला माल लग्नसराईत खपतो. फार तर भावात थोडे उतरावे लागते. रक्ताचे तसे नाही. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट, ज्यांची डेंग्यूच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला गरज पडते, त्या अवघे ५ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. एका पिशवीतून हे तीन घटक वेगळे होतात आणि तीन रुग्णांच्या उपयोगी पडू शकतात. परंतु मुदत टळली की पिशवी फेकून देण्यावाचून गत्यंतर नसते. एखाद्याने श्रद्धेने दिलेले रक्त वाया जावे, यासारखी दुसरी अनास्था नाही.

आणि आपण काय करतो? थोर पुरुषांच्या जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस, सणवार यांच्या निमित्ताने एकाच आठवड्यात एकाच गावात पाच-सहा शिबिरे होतात. रक्तपेढीची कपाटे भरून जातात. मग एप्रिल-मे महिना उजाडतो. महाविद्यालये सुटतात, विद्यार्थी आपापल्या गावी जातात, व्यापारी लग्नसराईत गुंततात, उन्हामुळे शिबिरे होत नाहीत. आणि रक्तपेढीच्या दाराशी नातेवाइकांची धावाधाव सुरू होते. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटसाठी तीच कथा.

आमच्या पेठेतील एका हमालाच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात पुरेसे निरोगी रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी तिला बाहेरून रक्त द्यावे लागते, आणि हे जन्मभराचे आहे. अशा रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावे, असे शासनाचे धोरण आहे. पण कपाटात असेल तर ना! एका मे महिन्यात तिच्या वडिलांनी चार दिवस काम बुडवून रक्त शोधले. ज्यांना ज्यांना फोन केले, त्यांतील बहुतेकांनी महिना-दोन महिन्यांपूर्वीच एका मोठ्या शिबिरात रक्त दिले होते. देणाऱ्यांची दानत कमी नव्हती. त्यांची वेळ चुकली होती, आणि ती चुकू नये हे पाहणे आयोजकांचे काम होते.

मोठी शिबिरे निरर्थक असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. २०१४ च्या सप्टेंबर महिन्यात अखिल भारतीय तेरापंथ युवक परिषदेने देशभरात एकाच दिवशी एक लाखाहून अधिक रक्तदात्यांना एकत्र आणले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. हे आपल्या समाजाला भूषणावह आहे. ज्यांनी कधीच रक्त दिले नव्हते, अशा असंख्य तरुणांची भीती अशा दिवसांमुळे जाते. परंतु एका गावाचा ट्रस्ट जेव्हा योजना आखतो, तेव्हा त्याने गावाच्या रुग्णालयातील वर्षभराची गरज डोळ्यांपुढे ठेवावी.

म्हणून माझी सूचना अशी. १ ऑक्टोबर हा आपल्या वहीपूजनाचा दिवस मानावा. त्या दिवशी २८० नावे नोंदवण्याचे उद्दिष्ट ठेवू. त्यांपैकी ६० जणांचे रक्त त्याच दिवशी घ्यावे. उरलेल्या २२० जणांना पुढील ११ महिन्यांत दरमहा २० याप्रमाणे वाटून द्यावे आणि प्रत्येकाला त्याचा महिना तेथेच लिहून द्यावा. ऑक्टोबरमध्ये रक्त दिलेल्या ६० जणांना एप्रिल आणि मे महिन्यांत ३०-३० करून पुन्हा बोलवावे. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्यामुळे नियमात हे सहज बसते. अशा रीतीने टंचाईच्या दोन महिन्यांत दरमहा ५० पिशव्यांची तजवीज होईल. पहिल्या दिवशी ६० हा आकडा योग्य की ४०, हे मात्र आपण ठरवू नये. रक्तपेढीच्या अधिकाऱ्यांना आधी भेटून त्यांची गरज विचारावी आणि तीच प्रमाण मानावी.

पूर्वतयारी दोन महिने आधी सुरू व्हावी. शिबिर परवानाधारक रक्तपेढीमार्फतच घेता येते. सहा ते आठ खाटांमागे एक डॉक्टर आणि दोन परिचारिका किंवा तंत्रज्ञ असावेत, असा नियम आहे. म्हणून खाटांची संख्या त्यांच्या मनुष्यबळावरून ठरेल. जागा हवेशीर, अखंड वीज असलेली, हात धुण्याची सोय असलेली हवी. आपले सभागृह या दृष्टीने उत्तम आहे. वेळ सकाळी ९ ते दुपारी २ ठेवावी, म्हणजे दुकाने उघडण्यापूर्वी व्यापारी येऊन जातील आणि सूर्यास्तापूर्वी जेवणारे निवांत घरी पोहोचतील. रक्तदात्याने उपाशीपोटी येऊ नये. पर्युषण व दशलक्षण पर्व बहुधा याआधी आटोपलेले असते. परंतु ज्यांनी अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपस्या केली असेल, त्यांची प्रकृती पूर्ववत होईपर्यंत त्यांना पुढचा महिना द्यावा. आयंबिलाची ओळी आणि नवरात्रही याच सुमारास येतात. तपश्चर्या आणि रक्तदान दोन्ही पुण्यकारक आहेत, पण एकाच दिवशी दोन्ही करण्याचा आग्रह डॉक्टर मान्य करणार नाहीत.

महिला मंडळासाठी एक वेगळी विनंती. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते, वजन किमान ४५ किलो आणि वय १८ ते ६५. पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. शिबिरात येऊन अपात्र ठरल्यावर भगिनी हिरमुसतात आणि पुन्हा येत नाहीत. यासाठी ऑगस्टमध्येच हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी. ज्यांचे कमी निघेल त्यांच्यावर उपचार होतील. आपल्या उपक्रमाचा तो पहिला लाभ घरच्या लक्ष्मीलाच मिळेल.

आता प्रसाराविषयी. फलक, वर्तमानपत्रातील निवेदन, मोबाईलवरील संदेश हे सारे करावेच. परंतु माझा अनुभव असा की, फलक पाहून गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत येते. आत येते ते कोणीतरी 'या, बसा' म्हटल्यावर. प्रत्येक स्वयंसेवकाने दहा घरे वाटून घ्यावीत, समोर बसून बोलावे आणि शंकांचे निरसन करावे. शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि घेतात ते ३५० किंवा ४५० मिलिलिटर. द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, पेशी काही आठवड्यांत. प्रत्येक दात्यासाठी नवी निर्जंतुक सुई वापरतात, त्यामुळे देण्याने रोग लागत नाही. एवढे तीन मुद्दे प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत हवेत. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना सोबत घ्यावे आणि हे आवाहन केवळ आपल्या समाजापुरते ठेवू नये. पेढीतल्या पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, जात-धर्म नसतो.

भेटवस्तूंचा विषय टाळून चालणार नाही. रक्तदात्यांना काहीतरी मोठे द्यावे, असा आग्रह दरवेळी होतो. आणि मी कापडवाला असल्यामुळे चादरींचा भाव मलाच विचारला जाणार, हे मी जाणून आहे! चादरींचे मी विनानफ्याने देईन, पण त्या रुग्णालयातील गरजूंना. रक्तदात्याला सरबत, अल्पोपाहार, प्रमाणपत्र आणि मनापासूनचा नमस्कार पुरे. मोलाची वस्तू पुढे ठेवली की, तिच्या मोहाने कोणीतरी आजार लपवतो. पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग, हिवताप यांसाठी तपासणी होते हे खरे. परंतु संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीत सापडेलच असे नाही. तेथे रुग्णाचे रक्षण करतो तो दात्याचा खरेपणा. जो दोष १९९८ साली कायद्याने दाराबाहेर घालवला, तो भेटवस्तूच्या रूपाने आपण खिडकीतून आत घेऊ नये.

शेवटची गोष्ट वहीची. शिबिर संपले, मांडव उतरला, छायाचित्रे छापून आली की बहुतेक संस्थांचे काम संपते. आपले त्यानंतर सुरू होईल. दोन जबाबदार कार्यकर्त्यांकडे रक्तदात्यांची वही द्यावी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या महिन्याच्या २० जणांना त्यांनी फोन करावा, रक्तपेढीत सोबत न्यावे आणि नोंद करावी. नावे व प्रकृतीची माहिती गुप्त ठेवावी. वर्षअखेरीस विश्वस्त मंडळापुढे जमाखर्चाबरोबर हाही ताळेबंद मांडावा : किती नावे नोंदली, किती जण आले, कोणत्या महिन्यात खंड पडला. ज्या ट्रस्टने पन्नास वर्षे पै-पैचा हिशेब चोख ठेवला, त्याला हे अवघड नाही.

आपल्या परंपरेने अभयदानाला दानांमध्ये श्रेष्ठ मानले आहे. मृत्यूच्या छायेतील जीवाला, तो कोण आहे हे न विचारता, आपल्या देहातील अंश देणे हे अभयदानाचेच आजचे रूप होय. मेळाव्याच्या दाराशी टेबलावर कोरी वही ठेवली आहे. तिच्यात १ ऑक्टोबरच्या रकान्यात गर्दी होणार हे मला ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच की, आपल्यापैकी काही जणांनी आपले नाव मे महिन्याच्या रकान्यात लिहावे.

जय जिनेंद्र.