शाळा पाहावी घरी काढून

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला 'सोसायटीची २५ वर्षं' यावर बोलायला सांगितलं आहे. पण टाकी कधी बांधली, रंग कधी काढला, हे अहवालात आहेच. मी आज एक कबुली देणार आहे. चार वर्षांपूर्वी मी तुमच्यापैकी पुष्कळांशी खोटं बोललो.

तुम्ही जिन्यात विचारायचात, "काका, नात आज शाळेत नाही गेली?" मी म्हणायचो, "जरा ताप आहे." तो ताप सहा महिने उतरला नाही! खरी गोष्ट अशी, की मुलाने आणि सूनबाईंनी तिला सीनियर केजीतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं होतं. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की पोरीच्या पोटात गोळा यायचा, खाल्लेलं उलटून पडायचं. पण मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. शाळेचा दाखला नाही म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही तर आमच्या लेखी माणूसच नाही!

मी कायदा काढून बसलो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं कलम १० म्हणतं. मी ते मुलापुढे ठेवलं. तो म्हणाला, "बाबा, न घातल्यास पालकांना शिक्षा कुठे लिहिली आहे ते दाखवा." तशी तरतूद मला सापडली नाही. मग सूनबाईंनी मुक्त शाळेची माहिती दाखवली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत, पुढे दहावीही देता येते. कागदाची सोय झाली, तसा मी गप्प बसलो.

गप्प म्हणजे काय, तर इन्स्पेक्टर झालो! रोज दहा वाजता काठी टेकत खोलीत जायचं, "सातचा पाढा म्हण, पंधरा शब्द लिही." महिनाभराने सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, राग मानू नका. व्हॅन गेली, पण आता तुमची काठी वाजली की तिच्या पोटात गोळा येतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी परीक्षा बंद केली आणि बँक उघडली. चलन चिंचोके, जुन्या डायरीचं पासबुक, काउंटर म्हणजे आमचा दिवाण. पैसे काढायचे तर स्लिप भरायची, रक्कम अक्षरी लिहायची, सही करायची. वीस चिंचोक्यांवर आठवड्याला दोन व्याज. चार आठवडे झाल्यावर मी आठ मोजून दिले. सात वर्षांची पोरगी म्हणते, "आजोबा, दुसऱ्या आठवड्यात माझे बावीस होते ना? मग त्या दोनांचं व्याज कुठंय?" चक्रवाढ व्याज मी तिला शिकवलं नव्हतं. तिने माझी चूक धरली!

घरची शाळा म्हणायला सोपी आहे, पण तिला मधली सुट्टी नसते. कुकर लावताना वाट्या मोजायच्या, मटार सोलताना दहा-दहाचे ढीग करायचे, तेवढ्यात धाकट्याने रांगोळीचा डबा उपडा केलेला! हे सगळं एकट्या सूनबाईंवर होतं, नोकरी सोडून. हे माझ्या लक्षात आलं ते त्या आठ दिवस तापाने पडल्या तेव्हा. हा ताप मात्र खरा होता. मग रोज दहा ते बारा मुलं माझ्याकडे, असं ठरलं. ते आजतागायत चालू आहे.

त्या आठ दिवसांत तुम्ही सगळे कामाला आलात. ए विंगमधल्या वहिनींनी धावदोरा शिकवला. पंप रूममध्ये पाणी वर कसं चढतं ते प्लंबरने दाखवलं. वॉचमनने गाड्यांचे नंबर वाचून घेतले. आणि अक्षरं? ती तिने खालच्या नामफलकावर गिरवली, तुमची आडनावं वाचून वाचून. एकदा विचारलं, "हे नाव पुसून दुसरं का लिहिलं? ते आजोबा कुठे गेले?" त्या धड्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपण तेवढे थोर नाही. पण अंगण आपल्याकडेही आहे.

सगळ्यांनी मुलं घरी बसवा, असं मी म्हणत नाही. ज्यांची मुलं हसत शाळेत जातात, त्यांनी आनंदाने पाठवावं. आमचीही उद्या जाईन म्हणाली, तर गेटपर्यंत सोडायला मी जाईन, काठी न वाजवता.

तोवर जिन्यात भेटलात तर जरूर विचारा. आता ताप नाही.