जमिनीतले नाणे, कानातला आवाज

मेटल डिटेक्टर नाणे ओळखत नाही. जमिनीत धातूची एखादी वस्तू आहे, तिच्यातून वीज किती सहज वाहते आणि ती साधारण केवढी असावी, एवढाच अंदाज त्याला येतो. ती वस्तू रोमन सम्राटाचे चांदीचे नाणे आहे की शीतपेयाच्या डब्याची कडी, हे ठरवायचे काम यंत्र हाती धरणाऱ्याचे. इंग्लंडमध्ये पीक निघाले की रिकाम्या शेतांतून हेडफोन लावून सावकाश चालणारी माणसे दिसतात, ती हेच काम करत असतात. नवे यंत्र घेतलेल्याचा पहिला हंगाम बहुधा त्याच्या आवाजाची ओळख होण्यातच जातो.

दांडीच्या टोकाला ताटाएवढी चपटी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो आणि चकतीखाली तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात गोल फिरणारे बारीक विद्युतप्रवाह उठतात. त्यांचेही एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते, ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. परत आलेली ही लहर मूळ लहरीपेक्षा किंचित मागे पडलेली असते. किती मागे पडली, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. जाड चांदी आणि तांबे यांचा उशीर जास्त, पातळ ॲल्युमिनियमचा कमी. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याचे वागणेच निराळे. हा फरक यंत्र पडद्यावर आकड्याने आणि कानात उंच किंवा खालच्या स्वराने मांडते.

या तत्त्वाचा पहिला गाजलेला प्रयोग जमिनीवर नव्हे, माणसावर झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती शोधण्यासाठी असेच वेटोळ्यांचे यंत्र तयार केले. पण पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे निघाली, तीही शवविच्छेदनात. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले. शेजारचे लोखंड हवा तो आवाज गढूळ करून टाकते ही अडचण तेव्हा होती, ती आजही आहे. पुढे गेरहार्ड फिशर यांना १९३७ साली अमेरिकेत हाती धरायच्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. छंद म्हणून हे यंत्र सामान्यांच्या हाती आले ते प्रामुख्याने १९७० च्या दशकात.

नवे यंत्र शिकताना सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पडद्यावरचा आकडा. अनेक यंत्रांत तो शून्य ते ९९ असा असतो. खालचे आकडे लोखंडाचे, मधले पातळ पत्रा, शिसे आणि डब्यांच्या कड्यांचे, वरचे तांबे आणि चांदीचे, अशी ढोबळ विभागणी माहितीपुस्तकात दिलेली असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. सोन्याची लहान वस्तू नेमकी डब्याच्या कडीच्या आकड्यावर येते. मध्ययुगीन इंग्लिश पेनी चांदीची खरी, पण वजन जेमतेम दीड ग्रॅम आणि जाडी कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी. तिच्या मागच्या बाजूला क्रूस असे आणि मोड हवी असली की क्रूसाच्या रेघेवर कापून तिचे दोन किंवा चार तुकडे करत. असा पाव तुकडा चांदीच्या आकड्याच्या बराच खाली वाजतो. नाणे आडवे न राहता मातीत उभे असेल, किंवा खोल असेल, तर आकडा आणखी भरकटतो. म्हणून ‘नको असलेले धातू गाळा’ हे बटण नवशिक्याने पहिल्याच दिवशी वर नेले, तर कचऱ्याबरोबर पेनीही गाळली जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

जाणती माणसे यासाठी जो मार्ग सांगतात तो कंटाळवाणा आहे, पण दुसरा मार्ग नाही. आधी कारखान्यातून आलेली मांडणी तशीच ठेवायची. घरी यंत्र स्थिर धरून निरनिराळी नाणी, खिळे, कड्या, पत्र्याचे तुकडे चकतीसमोरून फिरवायचे आणि प्रत्येकाचा आवाज ऐकायचा. मग परसात एक वाफा करून ठरावीक खोलीवर काही नाणी पुरायची, एखाद्याच्या शेजारी मुद्दाम खिळाही ठेवायचा. हवेत ऐकलेला आवाज आणि मातीतून येणारा आवाज यांत किती अंतर पडते ते तिथे कळते. त्यानंतर शेतात जायचे आणि लोखंडाचा स्पष्ट आवाज सोडला तर वाजेल ते खणायचे. पन्नास कड्या खणल्याशिवाय एक्कावन्नावी न खणता सोडण्याचा अधिकार मिळत नाही.

माती स्वतःही वाजते. तिच्यात लोहयुक्त खनिजे असली की चकती खालीवर होताच यंत्र कुरकुरते. त्यासाठी भूसंतुलन करावे लागते. धातू नसलेली जागा पाहून चकती जमिनीपासून वर घेत आणि खाली आणत यंत्र शांत होईपर्यंत जुळवणी करायची. इंग्लंडच्या खडूच्या जमिनीत हे सोपे जाते. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेल्या मातीत मॅग्नेटाइट भरपूर असल्याने तिथे तेच यंत्र बरेच बडबडे ठरते. संवेदनशीलता शेवटच्या काट्यापर्यंत चढवण्याचा मोहही असाच. विजेच्या तारांजवळ किंवा खनिजयुक्त मातीत ती दोन पायऱ्या उतरवली तर यंत्र उलट खोलवरचे सांगू लागते, कारण खऱ्या आवाजावर गोंगाटाचे पांघरूण राहत नाही.

चकती फिरवणे हेही शिकावे लागते. ती जमिनीला समांतर ठेवायची, टोकाला जाताना उचलू द्यायची नाही, आणि पुढचा फेरा मागच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा. खरी परीक्षा खिळ्यांच्या रानात होते. जुन्या वस्तीच्या जागी, म्हणजे नाणी सापडण्याची शक्यता जिथे जास्त तिथेच, खिळे पावलोपावली असतात. गंजलेला वाकडा खिळा कधी कधी चांदीसारखा उंच सूर देतो. तेव्हा शोधणारा त्या जागेभोवती चालत काटकोनात येतो आणि पुन्हा चकती फिरवतो. नाणे गोल असल्याने दोन्ही दिशांनी, जाताना आणि येताना, सारखेच वाजते. खिळ्याचा उंच सूर मात्र दिशा बदलली की तुटतो, एका बाजूला चिरका आवाज आणि दुसऱ्या बाजूला लोखंडाचा घरघराट. पण नाणे आणि खिळा एकाच खड्ड्यात असतील तर आवाजही अर्धामुर्धाच येतो. अशा तुटक पण पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या आवाजासाठी खणावे की नाही, हे कोणतेही पुस्तक सांगत नाही. तिथे लहान चकती, झटपट प्रतिसादाची मांडणी आणि अगदी संथ हात कामी येतात.

खणताना गवताचा थर तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा, माती एका कापडावर काढायची आणि शेवटी सगळे जागच्या जागी बसवायचे. शेतमालकाची परवानगी टिकते ती यावर. नाणे हाती आले की अंगठ्याने चोळणे हा सर्वांत महाग पडणारा चाळा. कांस्याच्या रोमन नाण्यावर राजाचा चेहरा बहुधा गंजाच्या पातळ थरातच उरलेला असतो, थर निघाला की चेहराही जातो.

सुटे नाणे म्हणजे कुणाच्या तरी कंबरेच्या पिशवीतून पडलेले. मुद्दाम पुरलेला ठेवा ही वेगळी बाब. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफकमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. हाती लागली रोमन काळाच्या अखेरची सुमारे १५ हजार सोन्याचांदीची नाणी, दागिने आणि चांदीची भांडी. थोडे खणून झाल्यावर त्यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. हातोडाही सापडला, आणि तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

हात आवरण्याचे मोल सॉमरसेटमधील फ्रूमच्या ठेव्यात दिसले. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प यांना सुमारे ३५ सेंटिमीटरांवर मडक्याची कड आणि नाणी दिसताच त्यांनी खड्डा बुजवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडक्यात ५२,५०३ नाणी होती. ती एकदम न ओतता थराथराने काढून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली गेली. ब्रिटनमध्ये २८६ ते २९३ या काळात सत्ता बळकावून बसलेल्या कारॉसियसची नाणी त्यांत सर्वांत उशिराच्या नाण्यांपैकी, आणि त्यांतली बहुसंख्य मडक्याच्या निम्म्याहून खालच्या थरात निघाली. वर्षानुवर्षे भर घालत गेलेली बचत असती तर ही उशिराची नाणी वर असती. म्हणजे मडके एकाच वेळी भरले गेले. उत्साहाच्या भरात कुणी ते उपसले असते, तर नाणी तीच राहिली असती आणि ही गोष्ट मात्र कायमची गेली असती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट १९९७ पासून लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली की तो ठेवा ठरतो. हलक्या धातूची असतील तर दहा. १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवावे लागते. संग्रहालयाला ठेवा हवा असेल तर त्याचे मोल ठरते आणि रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. एकट्या सुट्या नाण्याची नोंद सक्तीची नाही, तरीही १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये लोकांनी आपणहून पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदवल्या आहेत. १९८० च्या सुमारास या छंदाविरुद्ध मोहीम काढणाऱ्या पुरातत्त्वज्ञांपैकी पुष्कळांचा सूर या नोंदींनी मवाळ केला. न कळवणाऱ्यांची गय होत नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशरमधील लेमिन्स्टरजवळ व्हायकिंगकालीन ठेवा सापडला, तो दडवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला. अंदाजे ३०० नाण्यांपैकी हाती आली ती थोडीशीच.

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदता येत नाही, आणि महाराष्ट्रातले अनेक किल्ले अशाच संरक्षणाखाली आहेत. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर उठलेल्या, जमिनीत खजिना पुरल्याच्या अफवेमुळे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेते लोकांनी रात्री डिटेक्टर आणि विजेऱ्या घेऊन उकरली. याउलट नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली, डिटेक्टरशिवायच, नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. ठेवा एकत्र अभ्यासला गेला म्हणूनच हे प्रमाण मोजता आले, आणि सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले याला भक्कम पुरावा मिळाला.