गाडी सुरू करताना कान उघडे ठेवा

आज गाडीविषयी बोलू या. आता कितीतरी बचत गटांची भाजी, दूध, पापड-मसाले बाजाराला न्यायला पिकअप किंवा जुनी जीप लागते. पहाटे माल भरलेला असतो आणि गाडी मात्र भलताच आवाज करून गप्प बसते. मग कुणी म्हणतं बॅटरी बदला, कुणी म्हणतं इंजिन खोला. नेमकं काय झालंय याचा थोडा अंदाज आपल्याला असला, तर दोनशेच्या कामाला पाच हजार जात नाहीत.

आधी सांभाळायच्या गोष्टी. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. बॉनेट उघडताना पदर, ओढणी घट्ट खोचा, वेणी मागे बांधा. बॅटरीला हात लावण्यापूर्वी धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून काडी, बिडी, दिवा जवळ नको.

आता आवाज ऐका. किल्ली फिरवली की भराभर टक-टक-टक होतं आणि मीटरचे दिवे मंद होतात. हे बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याचं किंवा तिच्या वायरी सैल असल्याचं लक्षण. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसतो का बघा. गाडी बंद करून किल्ली काढा. आधी वजा खुणेची वायर सोडवा, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने टोकं घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून जोडताना उलटा क्रम: आधी अधिक, शेवटी वजा. वरून थोडं व्हॅसलीन लावा. पुष्कळदा नवी बॅटरी न घेता एवढ्यावरच काम भागतं.

एकच ‘टक’ आवाज आला, दिवे मात्र लख्ख आहेत, तर संशय सेल्फवर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरवर. सेल्फ नुसताच घूंऽ करून फिरतो आणि इंजिन हलतही नाही, तर त्याचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकत नाही. खर्रर्र असा लोखंड घासल्याचा आवाज आला, तर ते दाते झिजले असतील. तेव्हा पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका. दाते आणखी तुटले की खर्च वाढतो. चालू इंजिनावर चुकून किल्ली फिरवली तरी असाच आवाज येतो.

इंजिन चांगलं फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फ आणि बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल आहे का, पाइपात हवा किंवा पाणी शिरलंय का, हे बघायला सांगा. डिझेल गाडीत वेटोळ्याच्या खुणेचा दिवा असेल, तर तो विझल्यावरच सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर तो तापतो.

गाडी सुरू झाल्यावर चींऽऽ असा आवाज आला, तर बेल्ट सैल किंवा जुना झालाय. पावसाळ्यात ओलीने क्षणभर असं होतं, पण रोज होत असेल तर बदला. बेल्ट तुटला तर बॅटरी चार्ज होणार नाही, आणि काही गाड्यांत इंजिनही तापेल.

सगळ्यात महत्त्वाचं आता. तेलाच्या किटलीसारखा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझायला हवा. तो विझला नाही, किंवा खालून जड ठक-ठक ऐकू आली, तर गाडी लगेच बंद करा. माल दुसऱ्या गाडीने पाठवा, पण ती गाडी चालवू नका. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर किल्ली फिरवूच नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते आत असताना इंजिन फिरवलं, तर आतले दांडे वाकतात. गाडी ओढून न्या. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून आवाज शोधत बसू नका. सायलेन्सरच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही.

मिस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी सांगा: आवाज कधी येतो, कुठून येतो, आणि गाडी थंड असताना की तापल्यावर. जमलं तर मोबाइलवर आवाज भरून ठेवा. काय बदलणार ते आधी विचारा, काढलेला भाग बघायला मागा, आणि खर्च गटाच्या वहीत लिहा.

या आठवड्यात एक काम करा. गाडी सपाट जागी उभी करून थंड असताना ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. आणि गाडी नीट असतानाचा तिचा आवाज एकदा लक्ष देऊन ऐका. तो ओळखीचा झाला, की बिघडलेला आवाज लगेच कळतो.