शब्दांची भावकी

बी.ए. झाल्यावर नोकरीसाठी मी पहिला इंग्रजी अर्ज लिहिला. शेवटी ‘युवर्स रिस्पेक्टफुली’ लिहायचे, एवढे ऐकून माहीत होते. मी लिहिले, ‘युवर्स रिस्पेक्टिव्हली’. मुलाखतीत साहेबांनी ते मोठ्याने वाचले आणि समोरची मंडळी खो खो हसली. ‘आपला आदरपूर्वक’च्या जागी मी ‘आपला अनुक्रमे’ असे लिहून बसलो होतो! नोकरी गेलीच, पण पुढे कित्येक वर्षे चारचौघांत इंग्रजी शब्द उच्चारायला जीभ धजावत नव्हती.

परवा माझी भाची दहावीचा अभ्यास करीत होती. मराठी माध्यमातली मुलगी. शंभर इंग्रजी शब्दांची यादी घोकत होती. म्हणाली, “मामू, रात्री पाठ केलेलं सकाळी उडून जातं. इंग्रजी आपल्यासारख्यांसाठी नाहीच.”

ते शेवटचे वाक्य मला लागले. मी यादी बाजूला ठेवली. विचारले, “मोहल्ल्यात नवा माणूस आला, तर आपण काय विचारतो?”

“कुणाचा कोण?”

“मग शब्दालाही तेच विचार.”

वहीच्या मधोमध मी ‘स्पेक्ट’ लिहिले. लॅटिनमधल्या ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूचे हे रूप. त्याच्यामागे ‘इन’ म्हणजे ‘आत’ लावा. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. ‘प्रो’ म्हणजे पुढे. पुढे दिसते ती आशा, प्रॉस्पेक्ट. खालून, चोरट्या नजरेने पाहणे म्हणजे सस्पेक्ट, संशय घेणे. ‘रि’ म्हणजे मागे. ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते, त्याच्याबद्दल रिस्पेक्ट. खेळ पाहणारा स्पेक्टेटर आणि माझ्या नाकावरचे स्पेक्टॅकल्सही त्याच घरचे.

भाचीचे डोळे चमकले. मी म्हटले, “हे आपल्याकडेही आहे. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्यातून निरीक्षक, प्रेक्षक, परीक्षा, अपेक्षा.” तिने लगेच जोड्या लावल्या. इन्स्पेक्टर म्हणजे निरीक्षक, स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे अपेक्षा करणे. त्यातही तेच ‘पाहणे’ दडलेले आहे. सात शब्द घोकण्याऐवजी एक धातू ओळखीचा झाला होता.

मूळ कळले, तरी शेपटाकडे लक्ष हवे. माझी फजिती तिथेच झाली. ‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे दुसऱ्याचा आदर राखणारा. ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे ज्याला लोक मान देतात तो, प्रतिष्ठित. ‘रिस्पेक्टिव्ह’ म्हणजे ज्याचा त्याचा, आपापला. आणि ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे. चौघे एकाच घरचे, पण स्वभाव वेगळे. म्हणून प्रत्येकाचे आपल्या रोजच्या जगण्यातले एकेक वाक्य करावे. वहीचे एक पान एका कुटुंबाला द्यावे. आठवड्याला दोन कुटुंबांशी ओळख झाली, तरी वर्षाला शंभर होतात.

आणखी एक सावधगिरी. चेहरा सारखा म्हणजे नाते असतेच असे नाही. ‘नजर’ आणि ‘नजराणा’ मराठीत सख्खे भाऊ वाटतात. अरबीत मात्र पाहण्याची ‘नजर’ वेगळ्या अक्षराने लिहितात आणि नजराण्यातली, अर्पण करण्याची, वेगळ्या. म्हणून अंदाज जरूर करावा, पण शब्दकोश उघडून तो तपासावा.

त्या पाहण्याच्या ‘नजर’चीही भावकी मोठी आहे. कोर्टातला नाझर तिच्यातलाच. आमच्या घरातल्या दखनी बोलीतला ‘इंतजार’ही तिच्यातलाच. इंतजार म्हणजे प्रतीक्षा, आणि प्रतीक्षेत पुन्हा तोच ‘ईक्ष्’. साध्या मराठीत आपण काय म्हणतो? वाट पाहणे! कुणी आपले माणूस यायचे असले की अरबी असो, संस्कृत असो की मराठी, सगळ्यांचे डोळे रस्त्याकडेच लागतात.

भाची गप्प झाली. मग वहीचे पान उलटून म्हणाली, “मामू, आता दुसरं कुटुंब सांगा.”

इंग्रजी आपल्यासारख्यांसाठी नाही, हे वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेले नाही. माझ्या मनातूनही ते त्या दिवशी गेले.