पिसांचा मुकुट आणि सहा तारा



आज ज्या कलावंताविषयी बोलणार आहे, ते अगुस्तिन बारियोस 1885 साली दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात जन्मले. अभिजात गिटार हे त्यांचे वाद्य. तेव्हाचे बडे वादक आतड्याच्या तारा वापरीत, बारियोस पोलादी. जाणकार नाके मुरडीत. पण त्यांनी 1921 साली रचलेली 'ला कातेद्राल' आज जगभरचे वादक वाजवतात.

1930 च्या सुमारास त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. अगुस्तिन हे नाव उलटे लिहून ते 'नित्सुगा' झाले, आणि स्पॅनिशांशी लढलेल्या मांगोरे या आदिवासी नायकाचे नाव त्यांनी पुढे जोडले. पिसांचा मुकुट घालून ते रंगमंचावर येत आणि बाखच्या रचना वाजवीत! हा स्वाभिमान होता, की तिकिटे खपविण्याची युक्ती? मला वाटते, दोन्ही. आडनाव ऐकल्यावरच समोरच्याचे वागणे ठरते, हा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगायला नको. पुढे त्यांनी तो पोशाख सोडला, मांगोरे हे नाव मात्र टाकले नाही.

अखेरची वर्षे त्यांनी एल साल्व्हादोर येथे विद्यार्थ्यांना शिकविण्यात घालविली. 1944 साली तेथेच त्यांचे निधन झाले. 1977 साली जॉन विल्यम्स यांनी केवळ त्यांच्याच रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा कोठे युरोपला त्यांची खरी ओळख पटली. पॅराग्वेच्या 50,000 ग्वारानींच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. ग्वारानी हे तेथील आदिवासींचेच नाव.